चेहरा पुसल्यानंतर

माझ्या कामाची सुरुवात चेहरा पुसण्यापासून होते. मेंदूचा एमआरआय म्हणजे फक्त मेंदूचे चित्र, अशी बहुतेकांची समजूत असते. पण ते यंत्र डोक्याचा जो भाग टिपते, त्यात मेंदूबरोबर कातडी, नाक, ओठ, हनुवटी आणि कानही येतात, आणि साधारण एकेक मिलिमीटर जाडीचे ते दीड-दोनशे काप संगणकावर एकापुढे एक रचले की पडद्यावर माणसाचा चेहरा उभा राहतो. त्याला केस नसतात, कारण केस एमआरआयमध्ये उमटत नाहीत. डोळे बहुधा मिटलेले असतात. करड्या मातीत घडवल्यासारखा तो दिसतो, पण घरच्या माणसाने पाहिला तर त्याला ओळख पटावी इतका स्पष्ट असतो. हा चेहरा काढून टाकणारी आज्ञावली चालवायची, तिने चुकून मेंदूचा एखादा भाग तर कापला नाही ना हे एकेक काप उघडून पाहायचे, आणि मगच ती फाइल अल्झायमरवर काम करणाऱ्या इतर संशोधकांसाठी पुढे पाठवायची, हे मी अनेक वर्षे करत आले आहे. सवयीने हात यंत्रासारखे चालतात, तरी पुसण्याआधी तो चेहरा क्षणभर पाहण्याची सवय मात्र मी सोडलेली नाही. त्या माणसाने आपल्या डोक्याच्या आतले काही आम्हाला दिले आहे आणि बदल्यात आम्ही त्याचा चेहरा काढून घेत आहोत, हे निदान एकदा तरी मनात यावे असे मला वाटते.

चेहरा गेल्यावर उरतो एक क्रमांक आणि त्या क्रमांकापुढची तक्त्यातली ओळ. ती ओळ कशी असते ते सांगते. ही कुणा एका व्यक्तीची नाही, अनेक ओळी वाचून माझ्या मनात तयार झालेली आहे. वय ७१. शिक्षणाची वर्षे १६. पहिल्या भेटीत स्मृतिभ्रंशाच्या तीव्रतेची श्रेणी शून्य, म्हणजे काहीही बिघाड नाही. बारा महिन्यांनी पुन्हा शून्य. चोविसाव्या महिन्यात ०.५. छत्तिसाव्यातही ०.५. मग १. त्यानंतरच्या भेटीची जागा कोरी. ही श्रेणी ठरवताना स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती, समाजातला वावर, घर आणि छंद, स्वतःची देखभाल अशा सहा अंगांनी प्रश्न विचारले जातात, आणि ते केवळ रुग्णालाच नव्हे तर त्याला रोज पाहणाऱ्या जवळच्या माणसालाही स्वतंत्रपणे विचारले जातात. म्हणजे त्या शून्य आणि अर्ध्याच्या मधल्या फटीत कुणाच्या तरी पत्नीने, मुलीने किंवा शेजाऱ्याने एका अनोळखी डॉक्टरसमोर बसून, कदाचित पहिल्यांदाच मोठ्याने, काहीतरी कबूल केलेले असते. तक्त्यात त्याचे ०.५ असे, दशांश चिन्हासकट तीन खुणांचे रूप होते आणि ते जगभरच्या संगणकांवर जाते.

आपल्या माणसाबद्दलचा इतका आतला तपशील अनोळखी संशोधकांच्या हाती का द्यावा, या प्रश्नाने मला या कामात टिकवून ठेवले आहे.

स्मृती हिरावणाऱ्या अल्झायमर या आजाराची सगळी कथाच एका वैद्यकीय फाइलपासून सुरू होते. नोव्हेंबर १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला वारंवार प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव काय, तर ऑगस्टं. नवऱ्याचे नाव काय, तर तेही ऑगस्टं. तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले तेव्हा तिने ‘श्रीमती’ एवढे लिहिले आणि पुढचे ती विसरली. एप्रिल १९०६मध्ये ती वारली, तिचा मेंदू म्युनिकला अल्झायमर यांच्याकडे पाठवण्यात आला, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले डाग आणि गुंतलेले तंतू सहकाऱ्यांपुढे मांडले. पुढे तिची मूळ फाइल हरवली. ती सापडली थेट डिसेंबर १९९५मध्ये, फ्रँकफर्टच्याच विद्यापीठ रुग्णालयाच्या दप्तरखान्यात. तिच्या मेंदूच्या काचपट्ट्याही म्युनिकमध्ये जपलेल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पेशींमधून जनुकीय बदल शोधण्याचा प्रयत्न दोन गटांनी केला. एका गटाला बदल सापडला, दुसऱ्याला तो पडताळता आला नाही.

एकाच रुग्णाबद्दलची माहिती कुठेतरी कपाटात बंद राहिल्याने प्रश्न किती दशके अनुत्तरित राहू शकतात, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. पण त्याच वेळी हेही खरे की त्या बाईचे पूर्ण नाव, तिचे छायाचित्र, तिची अडखळलेली उत्तरे आज जगभर सर्वांना उपलब्ध आहेत आणि त्यासाठी तिला कुणी कधी विचारले नव्हते. माहिती वाटण्याच्या बाजूने आणि तिच्या धोक्याबद्दल बोलण्यासारखे जे काही आहे ते सगळे त्या एका फाइलमध्ये आहे.

अल्झायमर यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे परिस्थिती अशी होती की मेंदूतले ते डाग, म्हणजे अमायलॉइड या प्रथिनाचे साठे, पाहायचे तर माणसाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी तयार केलेला, अमायलॉइडला चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ स्वीडनमधल्या उप्साला येथे २००२मध्ये पहिल्यांदा जिवंत माणसाला देण्यात आला, आणि २००४मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेट स्कॅनच्या पडद्यावर जिवंत माणसाच्या मेंदूतले ते साठे उजळलेले दिसू लागले. एमआरआयवर हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग, आक्रसताना मोजता येत होताच, आणि पाठीतून सुईने काढलेल्या पाण्यात अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने मोजता येत होती. साधने हाताशी होती. पण प्रत्येक प्रयोगशाळेकडे आपापले तीस-चाळीस रुग्ण, आपापली मोजण्याची रीत आणि आपापले कुलूप होते.

ते कुलूप उघडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे २००४मध्ये सुरू झालेला अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह, ज्याला आम्ही कामाच्या बोलण्यात ‘ॲडनी’ म्हणतो. मायकेल वाइनर यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेच्या सरकारी निधीतून आणि औषध कंपन्यांच्या एकत्रित वर्गणीतून, अमेरिका आणि कॅनडातल्या ५०हून अधिक केंद्रांवर ५५ ते ९० वयाचे सुमारे ८०० लोक त्यात घेतले गेले: साधारण २०० निरोगी, ४०० सौम्य विस्मरणाचे आणि २०० सुरुवातीच्या अल्झायमरचे. दर काही महिन्यांनी त्यांचे स्कॅन, स्मरणाच्या चाचण्या आणि रक्त, आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठीतले पाणी तपासायचे असे ठरले. हे सगळे महत्त्वाचे आहेच, पण मला आजही थक्क करते ते त्यांनी घातलेले एक कलम. जमा झालेला डेटा प्राथमिक तपासणीनंतर लगेच एका सामायिक भांडारात ठेवायचा, आणि तो जगातल्या कुठल्याही पात्र संशोधकाला ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी तो गोळा करणाऱ्यांनाही वापरायला मिळेल. स्वतः मेहनत करणाऱ्यांना एका दिवसाचीही आघाडी नाही. ज्या क्षेत्रात नोकरी, बढती आणि मान हे सगळे ‘आधी कुणी छापले’ यावर ठरते, तिथे शास्त्रज्ञांनी हे स्वीकारणे सोपे नव्हते. त्याच भांडारातून पुढे हजारो शोधनिबंध निघाले, आणि त्यांतले बहुतेक लिहिणाऱ्यांनी त्या ८०० जणांपैकी कुणालाही कधी पाहिलेले नाही. मीही त्यांतलीच एक.

डेटा नुसता एकत्र ठेवून भागत नाही, हे मी पुस्तकातून शिकले होते. पण ते मला कळले माझ्या काकांच्या आजारपणात. त्यांचा पहिला एमआरआय एका रुग्णालयात झाला होता आणि तीन वर्षांनी दुसरा वेगळ्या ठिकाणी. दोन्हींची तुलना करून आजार किती वेगाने पुढे सरकतो आहे ते सांगावे, अशी काकूंची साधी अपेक्षा होती आणि माझा व्यवसायच तो असल्याने ती माझ्याकडे आली. पहिल्या रुग्णालयाकडे मी मूळ फाइल मागितल्या तेव्हा ठरावीक मुदत संपल्यामुळे त्या पुसल्या गेल्याचे कळले. हाती होती ती फक्त फिल्म, ज्यावर निवडक वीसेक काप छापलेले होते, तेही तिरप्या कोनातून. दुसऱ्या स्कॅनची यंत्राची जात वेगळी, चुंबकाची शक्ती वेगळी, कापांची जाडी वेगळी. निरोगी वृद्ध माणसाचा हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण १ ते २ टक्क्यांनी लहान होतो आणि अल्झायमरमध्ये साधारण ३ ते ५ टक्क्यांनी; हा फरक इतका बारीक आहे की दोन यंत्रांमधला फरक त्याला सहज गिळून टाकतो. मी काकूंना काहीही सांगू शकले नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, पण फिल्मची ती मोठी पाकिटे काळजीपूर्वक बंद करून परत कपाटात ठेवताना त्यांच्या हालचालीत जी निराशा होती, ती मला अजून दिसते.

म्हणून ॲडनीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम बातम्यांत कधीच आले नाही. क्लिफर्ड जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकमेकांशी जुळणारी चित्रे मिळावीत म्हणून स्कॅनच्या कृती बसवल्या. द्रवाने भरलेल्या छोट्या गोळ्यांचा एक ठोकळा बनवून तो यंत्रात घालून तपासला जाई, कारण गोळ्यांचे अंतर आणि आकार ठाऊक असले की यंत्राने चित्र कुठे ताणले ते कळते. पुढे युरोप आणि अमेरिकेतल्या गटांनी मिळून हिप्पोकॅम्पसची सीमा नेमकी कुठून कुठे आखायची यावर एकमत घडवले. त्याआधी प्रत्येक प्रयोगशाळेचा हिप्पोकॅम्पस वेगळ्या मापाचा होता, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटणार नाही. अमायलॉइडच्या पेट स्कॅनसाठी २०१५मध्ये ‘सेंटिलॉइड’ नावाची मोजपट्टी आली, जिच्यावर तरुण निरोगी मेंदू शून्यावर आणि अल्झायमरचा नेहमीचा रुग्ण शंभरावर असतो. वेगवेगळे किरणोत्सारी पदार्थ वापरणाऱ्या केंद्रांना आपली मापे तिच्यावर बसवता यावीत म्हणून तिचे मूळ स्कॅनही सर्वांसाठी खुले ठेवले गेले. अशी मापे नसती तर लेकानेमॅब आणि डोनानेमॅबसारख्या औषधांनी मेंदूतले अमायलॉइड किती कमी केले हे एका भाषेत सांगताच आले नसते.

वाटलेल्या डेटाने आमचे गैरसमजही दूर केले, आणि ते मला यशाइतकेच महत्त्वाचे वाटते. २०१७मध्ये ‘टॅडपोल’ नावाची एक खुली स्पर्धा झाली. ॲडनीचा आजवरचा डेटा घ्या आणि याच लोकांचे पुढे काय होईल ते महिन्यागणिक सांगा, असे आव्हान होते. उत्तरे आधी जमा करायची आणि खरा डेटा त्यानंतर गोळा व्हायचा, त्यामुळे लबाडीला जागाच नव्हती. ३३ गटांनी ९२ पद्धती पाठवल्या. निदान काय होईल आणि मेंदूतल्या पोकळ्या किती रुंदावतील हे चांगल्या पद्धतींना बऱ्यापैकी सांगता आले. मात्र स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचणीतले गुण कसे बदलतील हे कुणालाही अंदाजपंचे सांगण्यापेक्षा खात्रीने बरे सांगता आले नाही. म्हणजे मेंदूचे आकारमान कसे बदलेल हे आम्हाला कळू लागले आहे, पण समोरच्या माणसाला उद्या काय आठवेल हे अजून कळत नाही. आपल्याच डेटावर आपलीच पद्धत तपासत बसलेल्या एकट्या प्रयोगशाळेला हा धडा मिळाला नसता. एकाच माणसाचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे स्कॅन संगणकाला शिकवण्याच्या गटातही ठेवायचे आणि परीक्षेच्या गटातही, आणि मग ९५ टक्के अचूकतेचा दावा करायचा, असा दोष अनेक शोधनिबंधांत सापडला तो केवळ डेटा सर्वांकडे होता म्हणूनच.

फसलेल्या औषधांचेही असेच. चाचणीत बहुधा निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी किंवा सलाइन दिले जाते, आणि औषध निकामी ठरले की सगळी कागदपत्रे कंपनीच्या कोठारात जातात. वास्तविक त्या निम्म्या लोकांनी औषधाशिवाय आजार कसा वाढतो याची काळजीपूर्वक टिपलेली नोंद मागे ठेवलेली असते. अमेरिकेतल्या क्रिटिकल पाथ इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेच्या पुढाकाराने २०१०मध्ये अनेक कंपन्यांनी ११ चाचण्यांमधल्या ४,०००हून अधिक रुग्णांचा असा डेटा एकत्र केला. दर महिन्याला सुई टोचून घ्यायला येणारी, आपल्याला औषध मिळते की नाही हेही ठाऊक नसलेली ती माणसे मला फार मोठी वाटतात. औषध फसले म्हणून त्यांचे येणे फुकट गेले, असे होऊ देण्याचा अधिकार कुणालाही असू नये.

आता पुन्हा त्या चेहऱ्याकडे येते. नाव, जन्मतारीख आणि रुग्णालयाचा क्रमांक काढला की माणूस निनावी झाला, असे आम्ही बराच काळ मानत होतो. २०१९मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांचे एमआरआय आणि त्यांची साधी छायाचित्रे घेऊन बाजारात मिळणारी चेहरा ओळखणारी आज्ञावली वापरली, आणि तिने ८४पैकी ७० जणांना अचूक ओळखले. तो निबंध वाचला त्या रात्री, पूर्वी मी चेहऱ्यासकट पुढे पाठवलेल्या फाइल आठवून मला झोप लागली नाही. आता चेहरा नुसता कापण्याऐवजी त्या जागी अनेकांच्या सरासरीतून बनवलेला चेहरा बसवण्याचीही रीत आहे, म्हणजे मापे बिघडत नाहीत आणि ओळखही राहत नाही.

पण ओळख फक्त चेहऱ्यात नसते. स्कॅनच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर यंत्र आपणहून तारीख, वेळ, केंद्र, कधीकधी तंत्रज्ञाचे नाव लिहून ठेवते. तारखा सरसकट पुसल्या तर दोन भेटींमधले अंतर हरवते, म्हणून एका माणसाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागेपुढे सरकवतात. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे काढायच्या खुणांच्या यादीत ८९च्या पुढचे नेमके वयही येते. त्या सगळ्यांना ‘९० किंवा अधिक’ अशा एकाच गटात टाकतात, आणि ज्या आजाराचा सर्वांत मोठा धोका म्हणजे वय, त्यातच सर्वांत वृद्ध माणसे एकमेकांत मिसळून जातात. ज्या थोड्या कुटुंबांत हा आजार एका जनुकामुळे पिढ्यानपिढ्या आणि तरुण वयात येतो, त्यांच्या बाबतीत तर भावंडांची संख्या आणि आजार सुरू झाल्याचे वय एवढ्यावरूनही घर ओळखता येऊ शकते. त्यांतल्या अनेकांना स्वतःमध्ये तो जनुकीय बदल आहे की नाही हे जाणून घ्यायचे नसते. अशा ठिकाणी डेटा सर्रास खुला न करणेच योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती संमती. कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या अभ्यासात सही करणारा माणूस पाच वर्षांनीही आपण सही केली होती हे जाणतो. त्याला राग येऊ शकतो, मत बदलू शकते, तो फोन करून ‘मला यातून काढा’ म्हणू शकतो. इथे सही करणारा माणूस ज्या क्षमतेच्या बळावर सही करतो, तीच क्षमता जाणार आहे, आणि ती कशी जाते हेच आम्हाला पाहायचे आहे. त्या माणसाला काही वर्षांनी यंत्रापाशी नेले तर ती बोगद्यासारखी नळी कशासाठी आहे हे त्याला उमजत नाही. कायद्याने जवळच्या नातलगाची संमती घेता येते, चांगल्या केंद्रांवर रुग्णाची मान हलवून दिलेली होकाराची किंवा नकाराची खूणही मानली जाते, आणि तो घाबरला तर स्कॅन सोडून देतात. पण डेटाच्या बाबतीत नकाराची खूण करायला कुणी समोर नसते. एकदा फाइल शेकडो प्रयोगशाळांनी उतरवून घेतली की ती परत बोलावता येत नाही. ‘केव्हाही माघार घेऊ शकता’ हे संमतिपत्रातले वाक्य पुढच्या भेटींपुरते खरे असते. मागे दिलेल्या माहितीला ते पुरेसे लागू पडत नाही, आणि हे सही करण्यापूर्वीच सोप्या शब्दांत सांगायला हवे, असे माझे ठाम मत आहे. डेटा हाती न देता संशोधकांनाच सुरक्षित संगणकावर आत बोलावणे, किंवा डेटा जागेवर ठेवून फक्त गणित एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरवणे, या नव्या रीतींनी हा प्रश्न थोडा हलका होतो. त्यांनी काम सावकाश होते, तरी तेवढा वेळ जाऊ द्यावा असे मला वाटते.

मात्र याच संमतीची दुसरी बाजू आमच्या व्यवसायात पुरेशी बोलली जात नाही. गोपनीयतेचे कारण पुढे करून डेटा अडवून ठेवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या मनात रुग्णाची काळजी नसून आपल्या पुढच्या निबंधाची काळजी असते हे मला स्पष्ट दिसले आहे. पाठीत सुई घालून घेणाऱ्या माणसाने ‘याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे’ म्हणून होकार दिलेला असतो. ते पाणी, ते स्कॅन आणि ते आकडे एकाच खोलीत पडून राहिले, तर त्या होकाराचाही भंगच झाला. फरक एवढाच की डेटा फुटला तर कुणीतरी तक्रार करते. तो सडला तर तक्रार करायला कुणी उरत नाही, कारण ज्याने दिला तो आपण दिल्याचे विसरून गेलेला असतो.

कुणाची माहिती मुळात घेतलीच जात नाही, हाही प्रश्न आहे. ॲडनीतले बहुतेक सहभागी गोरे आणि पदवीपर्यंत शिकलेले होते, आणि २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘ॲडनी-४’ या टप्प्यात वगळल्या गेलेल्या समाजांना मुद्दाम सामावून घेण्याचे ठरवावे लागले. ज्याने कधी शाळा पाहिली नाही त्याचे स्मरण आणि विचारशक्ती मोजताना कागदावर पंचकोन काढायला सांगणे, हे त्याच्या आजाराचे माप आहे की शाळेचे, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

काकूंकडे एक वही होती. काकांना काहीतरी होते आहे असा संशय आला त्या दिवसापासून त्यांनी ती लिहिली; आधी तारीख, मग एक-दोन वाक्ये. ‘किल्ली कुलपात उलटी घालत होते.’ ‘वर्तमानपत्र उलटे धरले होते, पण पाने वेळच्या वेळी उलटत होते.’ ‘मला ताई म्हणाले, मी ओ दिली.’ काका गेल्यावर त्यांनी ती मला वाचायला दिली, तेव्हा लक्षात आले की तिची पहिली नोंद पहिल्या एमआरआयच्या दोन वर्षे आधीची होती. आमच्या तक्त्यांत ०.५ म्हणून जे उतरते, ते या वहीत सात वर्षे रोजच्या रोज, न चुकता लिहिलेले होते. मी काकूंना म्हटले की अशी नोंद फार थोड्या रुग्णांची असते, एखाद्या अभ्यासाला ती द्यावी; फक्त त्यातली नावे काढावी लागतील.

महिन्याभराने त्यांनी वही परत आणून दिली. शेजाऱ्यांची नावे, डॉक्टरांची नावे, मुलाचे नाव, माझे नाव आणि ठिकठिकाणी आलेले स्वतःचे नाव त्यांनी काळ्या शाईने नीट खोडले होते, इतके नीट की उजेडात धरूनही वाचता येऊ नये. वहीच्या शेवटच्या काही पानांना मात्र त्यांनी हात लावला नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या काकांना सही करायला लावत, आणि त्या सगळ्या सह्या, तारखेसकट, तिथे एकाखाली एक होत्या.

“अगं, बाकी सगळं खोडलं,” काकू म्हणाल्या, “पण ह्यांचं नाव मला खोडता आलं नाही. ते खोडलं तर त्या पानांत बघायचं काय?”

आमच्या कुठल्याही नियमावलीत याचे उत्तर मला सापडलेले नाही. त्या सह्यांमधली अक्षरे सुटी होत गेली आहेत, आडनाव आधी गेले आहे, मग वळणे. शेवटच्या तारखेपुढे एकच अक्षर आहे आणि त्याला जोडून पानाच्या कडेपर्यंत गेलेली रेघ. वही माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मी अजून ती स्कॅन केलेली नाही.